साठ घरांची भाजी आणि एक टेम्पो

२०२३ च्या उन्हाळ्यात किलोमागे दोन-तीन रुपये भाव मिळू लागल्याने महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतून दिले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईच्या किरकोळ बाजारात टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली. इतका टोकाचा फरक दर वर्षी पडत नाही. तरीही पावसाळा लागला की ‘भाज्या कडाडल्या’ आणि थंडीत आवक वाढली की ‘उभ्या कोथिंबिरीवर नांगर फिरवला’ या दोन बातम्या आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे लक्षात येत नाही. शेतकऱ्याला परवडत नाही, ग्राहकालाही परवडत नाही, तर मधला पैसा जातो कुठे, असा प्रश्न मग घरोघरी विचारला जातो आणि ‘दलाल खातात’ या दोन शब्दांवर तो संपतोही.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही काही शेजारी गेली काही वर्षे थेट शेतकऱ्यांकडून भाजी आणत आहोत. आम्हीही त्याच दोन शब्दांपासून सुरुवात केली होती. प्रत्यक्ष काम करताना मात्र हिशेब वेगळा निघाला. तो नीट समजला तर कोणत्याही वस्तीला ताजी भाजी परवडणाऱ्या दरात आणता येईल असे मला मनापासून वाटते, म्हणून तो सविस्तर मांडत आहे.

मेथीच्या जुडीचा प्रवास

जुन्नरकडच्या एखाद्या शेतात दुपारी उपटलेली मेथी संध्याकाळी जुड्या बांधून गाडीत चढते, घाट उतरून रात्री उशिरा वाशीच्या बाजार समितीत पोहोचते आणि उजाडण्यापूर्वी तिची विक्री होते. मुंबईचा भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९० च्या दशकात शहरातून वाशीला हलला. तेव्हापासून शहराच्या भाजीचा मोठा हिस्सा आधी खाडीपलीकडे उतरतो आणि मग पुन्हा खाडी ओलांडून दादर, भायखळा, मुलुंड, बोरिवलीकडे येतो. वाशीत शेतकऱ्याचा माल विकून देणारा तो अडत्या आणि त्याबद्दल तो घेतो ती अडत. तिथून माल घाऊक खरेदीदाराकडे, त्याच्याकडून किरकोळ विक्रेत्याकडे आणि शेवटी आपल्या नाक्यावरच्या पाटीत येतो. दर टप्प्यावर गोणी कोणी तरी उचलतो, तोलतो आणि पुन्हा बांधतो.

आमच्याकडे पहिल्यांदा भाजी आली तेव्हा रचलेल्या जुड्यांच्या मधोमध मी हात घातला होता. बाहेरची मेथी गार आणि ओलसर होती. आत मात्र तापलेल्या अंथरुणासारखी ऊब होती आणि तिथली पाने कडेने पिवळी पडू लागली होती. उपटल्यावरही भाजी जिवंत असते, ती श्वास घेत राहते, स्वतःतली साखर जाळत राहते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पालेभाजीचे पान पातळ असल्याने तिच्यातले पाणीही झटपट उडते आणि क जीवनसत्त्व तर उघड्यावर, उन्हात एक-दोन दिवसांत लक्षणीय घटते. त्यामुळे ‘ताजी’ हा शब्द पालेभाजीच्या बाबतीत चवीपुरता नसून पोषणाचाही आहे. कांदा-बटाट्याला हा नियम तेवढा लागू नाही. म्हणूनच सामूहिक खरेदी सुरू करणाऱ्या वस्तीने कांदा-बटाट्यामागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते टिकतात आणि आहे त्या व्यवस्थेतून बरे मिळतात. वस्तीची मेहनत पालेभाज्या, शेंगा, भेंडी, दुधी, कारली अशा लवकर कोमेजणाऱ्या मालावर खर्च व्हावी.

रुपयातला शेतकऱ्याचा वाटा

ग्राहक भाजीसाठी एक रुपया देतो तेव्हा त्यातले किती पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, याचा अभ्यास रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला आहे. त्यांच्या अंदाजानुसार हा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ टक्के, कांद्यात ३६ टक्के आणि बटाट्यात ३७ टक्के आहे. म्हणजे रुपयातले सुमारे ६५ पैसे मधल्या साखळीत राहतात. हा आकडा ऐकला की संताप येणे स्वाभाविक आहे. पण ते पैसे म्हणजे संपूर्ण नफा नव्हे. त्यात गाडीभाडे, हमाली, तोलाई, अडत, गाळ्याचे भाडे आणि घट असते. घट म्हणजे वाळून कमी झालेले वजन आणि सडून फेकावा लागलेला माल. भाजीच्या धंद्यात हा शब्द जितका ऐकू येतो, तितका वर्तमानपत्रांत येत नाही.

घट आपल्या खिशापर्यंत कशी पोहोचते, हे एका साध्या हिशेबाने दाखवतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, विक्रेतीने पहाटे १५ रुपयांनी मेथीच्या २० जुड्या घेतल्या. गुंतवले ३०० रुपये. सकाळी ३० रुपये दराने १४ जुड्या गेल्या, त्याचे ४२० रुपये आले. संध्याकाळी मरगळलेल्या तीन जुड्या १५ रुपयांनी गेल्या, त्याचे ४५ आले. उरलेल्या तीन जुड्या गुरांना घातल्या. एकूण ४६५ रुपये मिळाले. त्यातून माल, टेम्पोतला वाटा, हमाली आणि पिशव्या मिळून ३८० गेले, तर दिवसाअखेर हातात ८५ रुपये राहिले. १५ ची जुडी ३० ला विकली म्हणून आपण तिला दुप्पट नफा घेणारी समजतो. प्रत्यक्षात आपण घेतलेल्या प्रत्येक जुडीत, न विकल्या गेलेल्या जुडीचाही वाटा आपण भरत असतो.

खात्रीला किंमत असते

गिरणगावात खाणावळी चालत असत तेव्हाची एक गोष्ट जुनी माणसे सांगतात. गावाकडून एकटा आलेला गिरणी कामगार महिन्याचे पैसे ठरवून एखाद्या बाईकडे जेवायला असे. तिला सकाळीच माहीत असे की आज इतकी पाने वाढायची आहेत. त्यामुळे ती मोजून पीठ मळत असे, मोजून डाळ टाकत असे आणि तिचे जेवण हॉटेलच्या ताटापेक्षा स्वस्त पडत असे. हॉटेलवाल्याला कोण येईल हे ठाऊक नसते, म्हणून तो जास्तीचे शिजवतो आणि उरलेल्याची भरपाई आलेल्या गिऱ्हाईकाकडून करतो.

भाजीचेही हेच आहे. मधल्या साखळीत आपण जे पैसे देतो, त्यातला मोठा भाग अनिश्चिततेची किंमत असतो. किती विकले जाईल हे विक्रेत्याला माहीत नाही, किती मागणी येईल हे घाऊक खरेदीदाराला माहीत नाही आणि काढणीच्या दिवशी काय भाव लागेल हे शेतकऱ्याला माहीत नाही. वस्ती एकत्र येते तेव्हा तिच्याकडे द्यायला एकच मौल्यवान गोष्ट असते, ती म्हणजे आगाऊ आणि बांधील मागणी. ‘शनिवारी आम्हाला मेथीच्या ६० जुड्या हव्या आहेत आणि त्याचे पैसे जमा आहेत’, हे वाक्य शेतकऱ्याला सांगता आले की घट जवळजवळ नाहीशी होते, आणि वाचलेल्या पैशात दोघांनाही वाटा घेता येतो. वरच्याच हिशेबात शेतकऱ्याला १५ ऐवजी १८ रुपये देऊन, वाहतूक व हमालीचे पाच आणि निवडताना होणाऱ्या नुकसानीचा एक रुपया धरला, तरी जुडी २४ रुपयांत दारात येते.

‘बांधील’ या शब्दाचे महत्त्व आम्ही चूक करून शिकलो. सुरुवातीला आम्ही व्हॉट्सॲपवर विचारले आणि चाळीस घरांनी होकाराचा अंगठा पाठवला, म्हणून चाळीस घरांची भाजी मागवली. त्या शनिवारी पावसाने झोड उठवली आणि सतरा घरांतून कोणी खालीच आले नाही. कोणी आधीच नाक्यावरून भाजी घेतली होती, तर कोणी गावाला गेले होते. जिन्याखाली रचलेल्या मेथी-पालकाचा वास सोमवारी दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता आणि ती भाजी आम्हा चौघांना गोणीत भरून टाकावी लागली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही दलाल काढून टाकला होता, पण त्याची जोखीम घ्यायला कोणीच उभे राहिले नव्हते. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक घराकडून पाचशे रुपये अनामत घेतली, यादी गुरुवारी रात्री नऊला बंद होईल असे ठरवले आणि मागवलेली भाजी नेली नाही तरी तिचे पैसे अनामतीतून वळते होतील, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या. चाळीसची अठ्ठावीस घरे झाली. पण ती अठ्ठावीस खरी होती.

किती घरे हवीत?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या दोन हजार उष्मांकांच्या दैनंदिन आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. चार माणसांच्या घराला याप्रमाणे दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ११ किलोंहून थोडी अधिक भाजी लागते. आपल्यापैकी फार थोड्या घरांत एवढी भाजी येते. भात, चपाती आणि बटाट्याची भाजी यांवर ताट भरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु ताटातली पालेभाजी आणि तिच्यावर पिळलेले लिंबू या दोन्हींचा त्याच्याशी संबंध आहे. पालेभाजीत लोह असते आणि लिंबातले क जीवनसत्त्व ते शरीरात शोषले जायला मदत करते.

आता टेम्पोचा हिशेब करू. आपण ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतो, त्या टेम्पोत साधारण साडेसातशे किलो माल बसतो. साठ घरांनी पोषण संस्थेच्या प्रमाणात भाजी घेतली तर आठवड्याला ६७२ किलो होते, म्हणजे टेम्पो जवळजवळ भरतो. समजा, एका फेरीचे भाडे अडीच हजार रुपये आहे. ६७२ किलोवर ते किलोला पावणेचार रुपयांच्या आत पडते. त्याच साठ घरांनी निम्मीच भाजी घेतली तर साडेसात रुपयांच्या आसपास पडते. आणि पंधरा घरांनी निम्मी भाजी घेतली, म्हणजे ८४ किलोच मागवली, तर भाडेच किलोला जवळजवळ तीस रुपये होते आणि सगळा उपक्रम तिथेच कोसळतो. उत्साहाने सुरू झालेले अनेक गट दोन महिन्यांत बंद पडतात, त्यामागे बहुधा हेच भागाकाराचे गणित असते. घरे कमी असतील तर शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घेऊन एकाच फेरीत माल आणावा. भाडे भाजीच्या किलोंवर विभागले जाते, सोसायट्यांच्या संख्येवर नाही.

हे कायद्यात बसते का?

बसते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे शेतकरी आपला माल बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट ग्राहकाला विकू शकतो. त्याच बदलात अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने शेतकरी आठवडे बाजारही भरू लागले आणि त्यांतला एक विधानभवनाच्या आवारात भरवला गेला.

एकट्या शेतकऱ्याशी व्यवहार करण्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीशी करणे सोयीचे असते. किमान दहा शेतकरी एकत्र येऊन स्थापन करू शकतील अशी ही कंपनी, २००२ मध्ये कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने शक्य झाली. तिचे भागधारक शेतकरीच असतात. एकाच्या शेतावर मावा ही कीड पडली तरी दुसऱ्याचा माल येतो, पावती मिळते आणि हिशेब एका ठिकाणी राहतो. सोसायटीच्या आवारात वाटप करायचे असेल तर व्यवस्थापक समितीचा ठराव पुरतो; रस्त्यावर किंवा मैदानात बाजार भरवायचा असेल तर महापालिकेची परवानगी लागते. वजनकाटा मात्र वैधमापन विभागाकडून मुद्रांकित केलेलाच वापरावा. शेजाऱ्यांमध्ये पन्नास ग्रॅमवरून झालेला वाद वर्षभर टिकतो.

मुंबईला हे नवे नाही

१८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावात २८ कारागिरांनी, ज्यांत विणकर प्रमुख होते, आपापली थोडी थोडी पुंजी जमवून लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या विकणारे एक लहान दुकान उघडले. ग्राहक सहकाराची पायाभूत तत्त्वे तिथून जगभर गेली. सुमारे शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ची सुरुवात झाली. दोन्हीकडे कापडाच्या धंद्यातली माणसे होती, दोन्हीकडे पगार बेताचा होता आणि भेसळीचा व महागाईचा जाच सारखाच होता.

मला मात्र भाजीच्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण वाटते ते मुंबई ग्राहक पंचायतीचे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या मासिक वाटप पद्धतीत शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, आपापल्या मागणीच्या याद्या भरतात, माल एकत्र येतो आणि संघातीलच मंडळी तो वाटून घेतात. दुकान नाही, जाहिरात नाही, आकर्षक मांडणी नाही. आधी मागणी आणि मग माल, हा क्रम हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षे पाळून दाखवला आहे. किराण्यासाठी जे महिन्यातून एकदा पुरते, ते भाजीसाठी दर आठवड्याला करावे लागते, एवढाच काय तो फरक. पण तो फरक कष्टांच्या दृष्टीने मोठा आहे.

नाक्यावरच्या भाजीवालीचे काय होणार?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो घेणारी माणसे बरोबर आहेत. पदपथावर पाटी घेऊन बसणारी बाई पहाटे तीनला उठते, घाऊक बाजारातून माल आणते आणि त्या ८५ रुपयांवर मुलांची शाळा चालवते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. वसई-विरारकडच्या बायका लोकलच्या डब्यातून भाजी घेऊन आल्या नसत्या, तर उपनगरांना इतकी वर्षे ताजा पाला मिळालाच नसता. तिचे गिऱ्हाईक तोडून आपल्या घरची भाजी सहा रुपयांनी स्वस्त करणे हे कोणत्याही वस्तीला शोभणारे काम नाही.

आमच्या नाक्यावरच्या मावशींना आम्ही सुरुवातीपासूनच बरोबर घ्यायला हवे होते. आम्ही ते सहा महिने उशिरा केले. आता शनिवारी टेम्पो आला की माल उतरवून, निवडून, घरोघरच्या पिशव्या भरण्याचे काम त्या आणि त्यांची सून करतात, त्याबद्दल किलोमागे ठरलेली रक्कम घेतात आणि यादीपलीकडे आलेला थोडा माल आपल्या पाटीवर विकतात. कोणती जुडी वरून हिरवी आणि आतून सडकी आहे, हे त्यांना बोटांनी कळते. आम्हाला ते तीन वर्षांनीही कळत नाही. मधल्या माणसाचे काम कधीच नाहीसे होत नाही. ते कोणी करायचे आणि त्याचा मोबदला उघडपणे किती ठरवायचा, हे मात्र वस्तीला ठरवता येते.

रोजंदारीवरच्या घराला हे परवडेल का?

पाचशे रुपये अनामत आणि आठवड्याची भाजी एकदम, ही रचना पगारदार घरांसाठी ठीक आहे. जिथे रोजची कमाई रोज खर्च होते, घरात फ्रिज नाही आणि एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे ती चालणार नाही. अशा घरात पाव किलो भेंडी आणि पाच-दहा रुपयांची कोथिंबीर अशीच खरेदी होते आणि थोडे-थोडे घेण्याचा दर नेहमी चढा असतो. म्हणजे सर्वांत कमी कमाईच्या घराला भाजी सर्वांत महाग पडते.

इथे अनामतीची जागा बचत गटाने घ्यावी. दहा-पंधरा बायकांच्या गटाने आपल्या निधीतून एका फेरीचे पैसे आगाऊ भरायचे, भाजी आली की ती पाव-पाव किलोच्या वाट्यांत, परंतु किलोच्याच दराने विकायची आणि जमलेले पैसे पुन्हा पुढच्या फेरीला वापरायचे. आठवड्यातून निदान दोन फेऱ्या हव्यात आणि त्या संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर हव्यात. मागणी इथेही आगाऊच असते. फक्त तिची हमी एका घराऐवजी गट देतो. आमच्या तीन इमारतींच्या मागे असलेल्या बैठ्या वस्तीतील एका गटाने असे सुरू केले आहे, आणि त्यांची मालाची उचल आमच्या सोसायट्यांपेक्षा नियमित आहे.

भाव कडाडला किंवा कोसळला तर?

आगाऊ करार करताना सर्वांत कठीण क्षण येतो तो बाजार उलटतो तेव्हा. बाहेर भेंडी ८० रुपये असताना आपल्याला ४० ला देण्याचे शेतकऱ्याच्या जिवावर येते आणि बाहेर २० ला मिळत असताना आपल्याकडे ४० मोजण्याचे ग्राहकाच्या जिवावर येते. दोघेही माणसेच आहेत. त्यामुळे एकच भाव वर्षभरासाठी बांधण्यापेक्षा तळ आणि छप्पर ठरवणे शहाणपणाचे असते. बाजार समित्यांचे रोजचे दर पणन मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. वाशीच्या आठवड्याच्या सरासरी दरावर ठरावीक रक्कम वाढवून शेतकऱ्याला द्यायची, मात्र तो एकूण भाव शेतकऱ्याच्या उत्पादन खर्चाखाली जाऊ द्यायचा नाही आणि ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर न्यायचा नाही, असा साधा करार दोन पानांत लिहिता येतो. तळामुळे मालावर नांगर फिरत नाही आणि छपरामुळे जुलैमध्ये ताटातली भाजी नाहीशी होत नाही.

पावसाळ्याचे आणखी एक सांगायला हवे. मुरबाड-शहापूरकडे, जिथून एरवी आमची भाजी येते, पावसात शेत भाताखाली असते, त्यामुळे तिथली भाजी प्रामुख्याने भात निघाल्यावर येते. जून ते सप्टेंबर आम्ही जुन्नरकडच्या गटाकडून माल घेतो आणि माळशेज घाटात दरड कोसळली की तो आठवडा रिकामा जातो. मात्र त्याच दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी, शेवळे या रानभाज्या येतात. आदिवासी बायका त्या डोंगरातून खुडून आणतात. त्यांना खत लागत नाही की पाटाचे पाणी. शेवळे काकड या रानझाडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, हे नव्या पिढीला सांगावे लागते, म्हणून आम्ही पिशवीत काकडे घालून वर चिठ्ठी लावतो.

गच्चीवर पिकवली तर?

अवश्य पिकवावी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताचे मुंबई बंदर प्राधिकरण) मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्याचे खत करून भाज्या आणि फळझाडे वाढवण्याचा प्रयोग अनेकांनी पाहिलेला आहे. गच्चीतून कढीपत्ता, पुदिना, मिरच्या, थोडा पालक आणि मुलांना मातीची ओळख एवढे निश्चित मिळते. परंतु साठ घरांच्या आठवड्याच्या ६७२ किलोंचे उत्तर गच्चीवर नाही, आणि तशी आशा दाखवली की माणसे लवकर हिरमुसतात.

‘सेंद्रिय’ या शब्दाबाबतही घाई करू नये. प्रमाणपत्र मिळवण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. त्यासाठी सहभागी हमी पद्धत आहे, जिच्यात एकाच भागातील शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करून एकमेकांची हमी घेतात. ती नसेल तर वर्षातून दोनदा शेतावर जाऊन, शेवटची फवारणी कधी केली आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडणी केली, हे विचारावे. औषधाच्या डब्यावर हे अंतर छापलेले असते. ते पाळणारा शेतकरी मला दारावरच्या ‘शंभर टक्के सेंद्रिय’ पाटीपेक्षा विश्वासाचा वाटतो.

ॲपवरून काही मिनिटांत घरपोच मिळत असताना हा खटाटोप कशाला?

ज्यांना ती सेवा परवडते आणि सोयीची वाटते, त्यांनी ती घ्यावी. पण ती किमान रकमेच्या खरेदीवर, फोनवर आणि नीट पत्त्यावर उभी आहे. पाव किलो भेंडी घेणाऱ्या बैठ्या वस्तीतल्या घरासाठी ती रचलेली नाही. शिवाय तिथे आपण किती घेऊ हे त्या कंपन्यांनी आपल्या वतीने ओळखायचे असते. आपण शेतकऱ्याला स्वतः सांगितल्याने जे बदलते, ते तिथे बदलत नाही.

कंटाळा आला की काय करायचे?

गट बंद पडतात ते भांडणाने कमी आणि थकव्याने जास्त. पहिल्या वर्षी यादी करणे, पैसे गोळा करणे, शेतकऱ्याला फोन करणे, टेम्पोची वाट पाहणे ही सगळी कामे आमच्यातल्या दोघीजणी विनामोबदला करत होत्या आणि गणपतीनंतर दोघींनीही हात टेकले. त्यांचे चुकले नव्हते. तीन महिने आनंदाने दिलेला शनिवार तीन वर्षे देता येत नाही. आता यादी आणि हिशेबाचे काम इमारतीतील एक शिकणारी मुलगी करते, तिला किलोमागे एक रुपया मिळतो, तो भाजीच्या दरात उघड लिहिलेला असतो आणि महिन्याचा जमाखर्च जिन्यातल्या फळ्यावर लागतो. स्वयंसेवकांसाठी कामे उरली आहेत ती आळीपाळीने करता येण्याजोगी: शेताला भेट, नव्या घरांना नियम समजावणे आणि आजारी माणसाच्या घरी पिशवी पोहोचवणे.

मागच्या वर्षी भात कापणी संपत आली असताना मुरबाडच्या शेतकरी गटातील एका काकांचा फोन आला. पूर्वी ते तोडणीच्या आदल्या दिवशी फोन करत असत. या वेळी त्यांनी बी टाकण्याआधी विचारले, “डिसेंबरपासून आठवड्याला मेथीच्या किती जुड्या धरू?” त्या रात्री यादीत ७१ घरे होती. आम्ही त्यांना आठवड्याला ७० जुड्या सांगितल्या आणि अर्ध्या हंगामाची अनामत दुसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यावर पाठवली.